पाणबुडी पाण्यावर कशी चालते आणि पाण्याखाली कशी टिकते

नाशिकमधल्या काही अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्पासाठी पाणबुडीचं मॉडेल करायला घेतलं आहे. त्यांचा प्रश्न असा: टाक्या भरल्या की पाणबुडी बुडते, रिकाम्या केल्या की वर येते, मग पन्नास मीटरवर थांबायचं असेल तर टाक्या अर्ध्या भरायच्या का? आणि पाण्यावर असताना ती साध्या जहाजासारखीच चालते का?

अर्ध्या अजिबात भरायच्या नाहीत. बहुतेक मॉडेलं इथेच फसतात.

बुडण्यासाठी पाणी भरायच्या मोठ्या टाक्यांना, म्हणजे मुख्य बॅलास्ट टाक्यांना, दोनच अवस्था माहीत असतात. पाण्यावर पूर्ण रिकाम्या, पाण्याखाली पूर्ण भरलेल्या. या टाक्यांना तळाशी मोठी भोकं असतात आणि बऱ्याच बोटींत ती कायम उघडीच असतात. माथ्यावर व्हेंट नावाची झडप असते. पाण्यावर असताना व्हेंट बंद, आत हवा कोंडलेली, त्यामुळे खालून पाणी चढत नाही. व्हेंट उघडला की हवा वरून सुटते आणि पाणी आपोआप भरतं, पंप लागत नाही. आता अशी टाकी अर्धी भरून बोट खाली गेली असं धरा. दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. आतली हवा दबते, आणखी पाणी शिरतं, बोट जड होते, अजून खाली जाते. चुकून थोडी वर सरकली तर हवा फुगते, पाणी बाहेर ढकलते आणि बोट वरच उसळते. म्हणजे ज्या खोलीवर थांबवायची तिथून ती दोन्ही बाजूंना पळते.

हे घरात दिसतं. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरा. पेनाच्या टोपणाचं वरचं भोक बंद करा, खालच्या कडेला चिकणमातीची गोळी लावा आणि ते पाण्यात जेमतेम तरंगेल इतकंच वजन ठेवा. टोपण बाटलीत सोडून झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की टोपण खाली जातं, सोडली की वर येतं. आता ते बरोबर मध्यावर थांबवून बघा. बोटांचा दाब सारखा कमीजास्त करत राहिल्याशिवाय ते थांबतच नाही. अर्ध्या भरलेल्या बॅलास्ट टाकीची बोटसुद्धा अशीच वागेल, फक्त तिथे दाब कमी करायला कोणाची बोटं नसतील.

मग खोली धरते कोण? दोन गोष्टी: वजनाचा काटेकोर हिशोब आणि वेग. बॅलास्ट टाक्या फक्त पाण्यावरची स्थिती आणि पाण्याखालची स्थिती यांच्यातला दरवाजा उघडतात. त्यापुढचं सगळं काम लहान टाक्या, पंप आणि हायड्रोप्लेन नावाचे आडवे पंख करतात.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचे आकडे घेऊ. लांबी 67.5 मीटर, पाण्यावरचं विस्थापन (बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) सुमारे 1,615 टन, पाण्याखालचं सुमारे 1,775 टन. फरक 160 टन. हेच मुख्य बॅलास्ट टाक्यांतलं पाणी, आणि पाण्यावर असताना हीच तिची राखीव तरण्याची ताकद, साधारण दहा टक्के. शेजारी रशियन बनावटीचा सिंधुघोष वर्ग ठेवा: 2,325 टन आणि 3,076 टन. फरक 751 टन, म्हणजे 32 टक्के. रशियन बोट दुहेरी कवचाची असते. आतलं दाब सोसणारं कवच वेगळं, बाहेरचं वेगळं, आणि मधल्या जागेत टाक्या. एखादा कप्पा पाण्याने भरला तरी बोट पाण्यावर तरंगत राहिली पाहिजे, हा तिथला आग्रह. फ्रेंच पद्धतीच्या कलवरीला बहुतांश एकच कवच आणि टाक्या मुख्यतः दोन टोकांना. बोट लहान होते, घर्षण कमी, आवाज कमी. पण पाण्यावर अपघात झाला तर हाताशी शिल्लकही कमी. यातली कोणती पद्धत चांगली असं सरसकट सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. प्रत्येकाने आपल्या समुद्रासाठी आणि आपल्या भीतीसाठी बोट बांधली आहे.

आता वजन. बॅलास्ट टाक्या भरल्यावर बोटीचं वजन आणि प्लावक बल (पाण्याचा वर उचलणारा जोर) जवळजवळ बरोबरीत यायला हवं. 1,775 टनांच्या बोटीत एक-दोन टनांची चूक सावकाश चालताना लगेच जाणवते. म्हणून कवचाच्या आत किंवा लगत वेगळ्या भरपाई टाक्या असतात. मध्यावरच्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन किंवा बाहेर टाकून एकूण वजन जुळवतात. पुढच्या आणि मागच्या ट्रिम टाक्यांत पाणी इकडून तिकडे ढकलून बोट आडवी सपाट ठेवतात. या टाक्या दाब सोसणाऱ्या असतात, तिथे कोंडलेली हवा समुद्राच्या दाबाने दबत नाही, म्हणून त्या खुशाल अर्ध्या भरता येतात. तुमच्या मॉडेलला नक्कल करायची असेल ती याच टाक्यांची.

वजन रोज बदलतं. सगळ्यात फसवं डिझेल. बऱ्याच बोटींत इंधनाच्या टाकीत जितकं डिझेल वापरलं तितकी जागा खालून आलेलं समुद्राचं पाणी भरून काढतं. डिझेलची घनता 0.84 धरली तर एक टन डिझेल जळाल्यावर त्या जागी 1.22 टन पाणी येतं. इंधन जाळून बोट जड होते! शंभर टन डिझेल संपलं तर 22 टनांचा बोजा वाढला. उलट अन्न, पिण्याचं पाणी, वंगण तेल संपतं, कचरा बाहेर जातो, त्याने ती हलकी होते. दीड-दोन टनांचा टॉर्पेडो सुटला की पुढचं टोक हलकं होऊ नये म्हणून तो जिथून सुटला त्या नळीतलं पाणी ठरलेल्या टाकीत मोजून घ्यावं लागतं. दहा माणसं जेवायला तीस मीटर मागे गेली तरी सुकाणूवरच्या माणसाला ते कळतं. बंदर सोडण्यापूर्वी हा सगळा हिशोब कागदावर होतो आणि तो पडताळायला पुढच्या-मागच्या ड्राफ्टच्या खुणा वाचतात. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी किती चढलं ते सांगतात. तसंच बोटीवरच्या या खुणा ती पाण्यात किती बसली आहे ते सांगतात.

पाण्याची घनताही स्थिर नसते. समजा कलवरी गंगापूर धरणात उतरवली. समुद्राच्या पाण्याचं वजन घनमीटरला साधारण 1,025 किलो, धरणाच्या गोड्या पाण्याचं 1,000. बोटीचं पाणी न शिरणारं घनफळ अंदाजे 1,575 घनमीटर. (बॅलास्ट टाक्यांतलं पाणी यात धरायचं नाही, कारण तेही बाहेरच्यासारखंच हलकं होतं.) म्हणजे जवळजवळ 40 टन प्लावक बल गायब. पाण्यावर ती तरंगेल, पण खोल बसेल. बुडी मारायची तर आधी 40 टन पाणी बाहेर काढावं लागेल. खऱ्या समुद्रातही हे होतं, थोड्या प्रमाणात. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता हजारी 36 च्या आसपास, तर गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येऊन मिळणाऱ्या बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात ती पावसाळ्यानंतर 30 पर्यंत किंवा त्याखाली येते. घनमीटरला चार किलोचा फरक धरला तरी याच बोटीला सहा टनांहून अधिक पाण्याची उलाढाल करावी लागते.

बुडी मारण्याचा क्रम असा. प्रत्येक कप्प्यातल्या झडपा तक्त्याप्रमाणे लावतात आणि दुसरा माणूस त्या पुन्हा तपासतो. वरची टेहळणी खाली येते, झाकणं बंद होतात, डिझेल थांबतं, हवा घेण्याची आणि धूर सोडण्याची झडप बंद होते, मोटर बॅटरीवर येते. नियंत्रण कक्षातल्या फलकावर कवचातलं प्रत्येक मोठं भोक बंद असल्याची खूण दिसली पाहिजे. तेवढ्यावर विसंबायचं नाही म्हणून आत थोडी दाबाची हवा सोडतात आणि हवादाबमापक बघतात. काटा टिकून राहिला तर कुठे गळती नाही. 23 मे 1939 रोजी अमेरिकेची स्क्वॅलस बुडी मारताना इंजिनांना हवा देणारी मोठी झडप उघडी राहिली आणि मागचे कप्पे भरले. 26 जण गेले, 33 जणांना बचाव घंटेतून वर काढता आलं.

यानंतर व्हेंट उघडतात. सावकाश, तपासून मारायच्या बुडीत आधी टोकांच्या टाक्या भरतात. बोट जेमतेम पाण्याच्या पातळीवर येते, ती सपाट आहे का ते बघतात, मग मधल्या टाक्या भरतात. घाईच्या बुडीत सगळे व्हेंट एकदम. खाली गेल्यावर व्हेंट पुन्हा एकदा उघडून बंद करतात, कारण टाकीच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकलेला असतो. खोलीवर तो दबला की बोट अचानक जड वाटते. मग व्हेंट बंद ठेवायचे. उघडे राहिले तर संकटात टाकीत सोडलेली हवा सरळ वरून निघून जाईल.

या संक्रमणात एक नाजूक क्षण येतो. पाण्यावर बोट कलंडली की पाण्याच्या रेषेवरचा तिचा आकार तिला सरळ करतो. पाण्याखाली ती रेषाच उरत नाही. तिथे गुरुत्वमध्य प्लावक केंद्राच्या (पाण्याचा वरचा जोर जिथे लागतो त्या बिंदूच्या) खाली असणं हा एकच आधार. एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना, टाक्यांत पाणी हिंदकळत असताना, स्थिरता सर्वात कमी असते. मॉडेल नेमकं याच क्षणी आडवं होतं. उपाय: जड वस्तू, विशेषतः बॅटरी, तळाशी, टाकी अरुंद, आडव्या लाटेला जागा न देणारी.

मॉडेलचे आकडे इथेच देतो. 75 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा 40 सेंटिमीटर पीव्हीसी पाइप घेतला तर घनफळ सुमारे 1.77 लिटर, म्हणजे गोड्या पाण्यात एकूण वजन 1.77 किलोच्या आसपास. टोपणांचं आणि पंखांचं घनफळ वेगळं, म्हणून आकड्यावर न जाता आत लोखंडी नट टाकत टाकत बादलीत जुळवा. 60 मिलिलिटरची सिरिंज मोटरने ओढून पाणी आत घ्यायची योजना ठेवा. सिरिंज रिकामी असताना बोट 30 ग्रॅम हलकी आणि भरल्यावर 30 ग्रॅम जड, असं जमलं की काम झालं. दट्ट्याला सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर तो दोन दिवसांत चिकटतो. आणि फुगा किंवा मऊ प्लास्टिकची पिशवी टाकी म्हणून वापरू नका. तिथे पुन्हा दबणाऱ्या हवेचाच घोळ येतो.

खऱ्या बोटीचं कवचही दबतं, हे विसरलं जातं. पोलाद असलं तरी खोलीवर ते किंचित आकसतं, आवाज शोषणाऱ्या रबरी फरशा त्याहून जास्त. 200 मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 200 टन भार असतो. कवच पाण्यापेक्षा जास्त आकसतं, म्हणून खाली जाताना बोट जड होत जाते आणि पाणी बाहेर टाकत राहावं लागतं. वर येताना उलट.

हा उरलासुरला फरक वेग सांभाळतो. पुढचे आणि मागचे हायड्रोप्लेन पाण्याच्या प्रवाहात कोन करून उचल देतात. बोट तीन-चार नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) चालवून बघतात. खोली धरण्यासाठी पंख सतत वरच्या कोनात ठेवावे लागत असतील तर बोट जड आहे, पाणी बाहेर टाका. नाक सतत खाली जात असेल तर पाणी पुढून मागे ढकला. पंख जवळजवळ शून्यावर राहिले की ट्रिम, म्हणजे वजनाचा तोल, जमला. वेग वाढला की पंखांची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेगात चालणारी बोट वाईट ट्रिम लपवते. वेग कमी केला की तो उघडा पडतो.

अगदी मंद वेगात एक विचित्र गोष्ट घडते. मागचे पंख बोटीचं नाक वर करतात ते शेपूट खाली ढकलून. वेग पुरेसा असेल तर नाक वर झालेलं कवचच उचल देतं आणि बोट चढते. दोन-तीन नॉटच्या आसपास, प्रत्येक बोटीच्या ठरावीक वेगाखाली, कवचाची उचल पुरत नाही. शेपटीवरचा खालचा धक्काच भारी पडतो आणि नाक वर असलेली बोट खाली जाते. तिथे खोली पुढच्या पंखांवर राखायची असते.

जास्त वेगात धोका वेगळा. 20 नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटरहून थोडं जास्त. मागचे पंख खालच्या कोनात अडकले आणि बोट 20 अंश कलली तर ती मिनिटाला 200 मीटरहून जास्त खाली जाईल. म्हणून प्रत्येक वेगाला किती खोलीपर्यंत जायचं आणि किती कोन घ्यायचा याच्या मर्यादा आखलेल्या असतात. पंख अडकले तर मोटर उलटी फिरवायची आणि पुढच्या टाक्यांत हवा सोडायची, चर्चा नंतर.

पाण्यावर चालण्याचं तंत्र तुलनेने सोपं: डिझेल चालू, मोटर किंवा जनित्र त्यावर, दिशेला रडर, म्हणजे सुकाणू. पण आजच्या पाणबुडीला पाण्यावर चालणं मानवत नाही. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप सात पाण्यावर 17.7 नॉट आणि पाण्याखाली 7.6 नॉट जायची. ती मुळात बुडी मारू शकणारी होडीच होती, टोकदार नाकाची. कलवरी पाण्यावर 11 आणि पाण्याखाली 20 नॉट. अमेरिकेने 1953 मध्ये सेवेत घेतलेल्या अल्बाकोर या प्रायोगिक बोटीनंतर गोल नाकाचा, थेंबासारखा आकार रुळला. असं नाक पृष्ठभागावर पाण्याचा ढीग पुढे ढकलतं, त्या लाटा तयार करण्यात ताकद जाते. खोल गेलं की लाटच नाही, फक्त घर्षण उरतं. शिवाय पाण्यावर गोल पोटाची बोट पावसाळी अरबी समुद्रात दोन्ही बाजूंना भयंकर डोलते.

मग ती कायम खालीच का नाही चालत? बॅटरी. कलवरीवर प्रत्येकी 750 किलोचे 360 सेल आहेत. चालवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते: चार नॉटच्या मानाने 20 नॉटला 125 पट. शिवाय शिशाच्या बॅटरीतून झटपट वीज ओढली तर ती एकूण कमीच देते. पूर्ण वेगात बॅटरी तासाभराच्या हिशोबात संपते, चार नॉटला दिवसांच्या हिशोबात पुरते. चार नॉट म्हणजे ताशी 7.4 किलोमीटर. नाशिक ते मुंबई एवढं, सुमारे 170 किलोमीटर अंतर कापायला 23 तास.

चार्जिंगसाठी पूर्ण वर यावं लागत नाही. पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन स्नॉर्केलची नळी वर काढतात आणि डिझेल तिच्यातून हवा ओढतं. लाट आली की नळीच्या तोंडाची झडप आपोआप बंद होते. तेवढ्या वेळात डिझेल बोटीतलीच हवा ओढतं आणि कानांना दडे बसतात. झडप जास्त वेळ बंद राहून आतला दाब ठरावीक पातळीखाली गेला तर इंजिन स्वतःच बंद पडतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, म्हणून त्याचं मोजमाप आणि वायुवीजन सतत चालू. उधाणात या खोलीवर लाटांची ओढ बोटीला वर खेचते, म्हणून वर येण्याआधी काही टन पाणी जास्त घेऊन ठेवतात; नाहीतर बोटीचा माथा पाण्याबाहेर निघतो आणि लपण्याचा अर्थच जातो. 15 नोव्हेंबर 2017 ला बुडालेल्या अर्जेंटिनाच्या सान हुआनने शेवटच्या संदेशात कळवलं होतं की वायुवीजनाच्या वाटेने समुद्राचं पाणी शिरून पुढच्या बॅटरीत शॉर्टसर्किट झालं. बोटीवर 44 जण होते.

वर येणं. नेहमीच्या पद्धतीत बोट आधी पंखांच्या जोरावर पेरिस्कोपच्या खोलीवर येते, सोनारने आणि पेरिस्कोपने चहूबाजूंना जहाज नाही याची खात्री करते, आणि मग टाक्यांत दाबाची हवा सोडते. ही पायरी घाईत उरकली की काय होतं ते 9 फेब्रुवारी 2001 रोजी हवाईजवळ दिसलं: अमेरिकेची ग्रीनविल आपत्कालीन पद्धतीने वर उसळली आणि एहिमे मारू या जपानी जहाजावर आदळली. त्या जहाजावरचे नऊ जण मेले.

पाणबुडीवरची हवा 200 ते 250 वातावरण दाबाने बाटल्यांत साठवलेली असते. 160 टन पाणी म्हणजे सुमारे 156 घनमीटर जागा. 15 मीटरवर ती रिकामी करायला 2.5 पट, म्हणजे साध्या दाबाची 390 घनमीटर हवा पुरते. 200 मीटरवर दाब 21 पट, म्हणजे जवळजवळ 3,300 घनमीटर. एवढी हवा एका दमात वापरणं महाग, म्हणून खोलीवर थोडीच सोडून बोटीला वरचा कल देतात. वर येता येता तीच हवा फुगून उरलेलं पाणी खालच्या भोकांतून ढकलते. वेगाने फुगणारी हवा अतिशय थंड होते, तिच्यात दमटपणा असेल तर बर्फ धरतो. 10 एप्रिल 1963 रोजी 129 जणांसह बुडालेल्या अमेरिकेच्या थ्रेशरच्या बाबतीत हाच संशय आहे. तिच्यासारख्या दुसऱ्या बोटीवर धक्क्याला चाचणी घेतली तेव्हा हवेच्या नळीतल्या गाळण्यांत बर्फ साचून हवा अडली. म्हणून बाटल्यांत जाणारी हवा कोरडी करणं हे पाणबुडीवरचं बिनडौलाचं पण पहिल्या दर्जाचं काम आहे.

माथा पाण्याबाहेर आला की दाबाची हवा बंद करतात. टाक्यांत राहिलेलं पाणी कमी दाबाचे ब्लोअर सावकाश बाहेर ढकलतात, काही बोटींत डिझेलचा धूरच त्यासाठी वापरतात, आणि इकडे कॉम्प्रेसर रिकाम्या झालेल्या बाटल्या पुन्हा भरायला घेतात.